पोवळ्या मेपलची कलमं

कुरिहारांच्या घरात मिसाओ सून म्हणून आली त्याला अठरा वर्षं झाली होती, आणि या अठरा वर्षांत तिनं रोपवाटिकेतलं एक सोडून प्रत्येक काम केलं होतं. खुरपणी तिची, पाणी तिचं, कुंड्या भरणं, गवताच्या दोरीनं मुळांचे गड्डे बांधणं, उन्हाळ्यात सावलीच्या जाळ्या ताणणं, गिऱ्हाइकाला चहा देणं, सगळं तिचं. कलम बांधायचं काम मात्र सासऱ्यांचं. फेब्रुवारी संपत आला की तोकुजी शेडमध्ये रॉकेलचा स्टोव्ह पेटवायचे, चटई अंथरून मांडी घालून बसायचे, आणि पुढचे तीन आठवडे त्या चटईच्या काठाला पाय लावायची कुणाची छाती नव्हती. पोटच्या मुलाचीही नाही. नोबोरूनं, मिसाओच्या नवऱ्यानं, तरुणपणी दोन हंगाम धडपड करून पाहिली होती. शंभरातली सहा कलमं जगली. "सहा तरी कशी जगली कोण जाणे," असं म्हणून तोकुजींनी त्याच्या हातात ट्रकची किल्ली ठेवली. नोबोरूलाही सुटल्यासारखं झालं. तेव्हापासून तो तोक्योच्या बांधकामांवर झाडं पोचवत होता आणि आनंदात होता.

मिसाओला तर कुणी विचारलंही नव्हतं. ती चोशी बंदरावरच्या कोळ्याची मुलगी. सात-आठ वर्षांची असल्यापासून आईशेजारी उकिडवी बसून तारल्या साफ करायची. लग्न होऊन रोपवाटिकांच्या या आंग्यो गावात आली तेव्हा तिला मेपल आणि चेरीच्या रोपातला फरकही कळत नव्हता. पहिल्याच हिवाळ्यात तिनं कौतुकानं कलमाची सुरी उचलून पाहिली, तर सासरे खेकसले होते, "ठेव ती खाली! मासळीचे हात लागले तर झाडाला वास येईल." सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी डोळ्यानंच खुणावलं, मनावर घेऊ नकोस. मिसाओनं मनावर घेतलं नाही, पण विसरलीही नाही.

कुरिहारांची ओळख होती ती त्यांच्या पोवळ्या मेपलसाठी. तसं हे झाड आंग्योत बऱ्याच जणांकडे होतं. उन्हाळ्यात ते चारचौघांसारखं हिरवं, नोव्हेंबरात पिवळंधमक, आणि पानं गळून दोन-चार वेळा दहिवर पडलं की त्याच्या कोवळ्या काड्या लाल व्हायला लागायच्या. जानेवारीपर्यंत अख्खं झाड पोवळ्याचं करून ठेवल्यासारखं दिसायचं. पण शेडच्या मागं उभं असलेलं तोकुजींचं जुनं झाड सगळ्यांहून लाल होतं. शिवाय पोवळ्या मेपलला हटकून लागणारी काळी मर, शेंड्यापासून काड्या कोळशासारख्या करत खाली उतरणारी, या झाडाला सहसा लागत नसे. चाळीस वर्षं सगळ्या कलमांच्या काड्या याच झाडाच्या. बांधलेली कलमं दरवर्षी हिवाळ्याआधीच विकली जायची, घरी हे एकच. लाल रंग फक्त वर्षाच्या आतल्या काडीला येतो. साल जुनी झाली की ती कुठल्याही झाडासारखी तपकिरी. म्हणून दर फेब्रुवारीत, कलमांच्या काड्या घेताना, तोकुजी त्याला सढळ हातानं छाटायचे. रस्त्यावरून सायकलनं जाणारी माणसं उतरून कुंपणापाशी थांबत. तोकुजी त्यांच्याकडे बघायचेही नाहीत, पण त्या दिवशी जेवताना दोन घास जास्त जायचे.

१९८४ च्या जानेवारीत बर्फ पडला तो असा की म्हाताऱ्या माणसांनाही तसा आठवत नव्हता. ओला, जड बर्फ. पहाटे मिसाओ भात शिजवायला उठली तेव्हा शेडच्या मागून काडकन आवाज आला. तिनं खिडकी उघडली तर सासरे पुढं. अंगावर रात्रीचाच किमोनो, पायात रबरी बूट, हातात बांबू, बर्फ झटकायला निघालेले.

"बाबा, थांबा! खाली निसरडं आहे!"

"मला माझं अंगण शिकवतेस?" असं म्हणून त्यांनी पाऊल टाकलं आणि पाठीवर आपटले. उजवा हात अंगाखाली आला.

मिसाओ पोचली तेव्हा ते उठून बसले होते. मनगट नको त्या बाजूला वळलं होतं. पण त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. पोवळं मेपल बेचक्यातून मुळापर्यंत उभं चिरलं होतं. एक अर्धं कुंपणावर, एक अर्धं शेडच्या पत्र्यावर, आणि चिरलेल्या बुंध्याच्या पोटात काळा, भुसभुशीत कुजका गाभा. वर्षानुवर्षं आतून पोखरलं होतं, बाहेरून कुणाला कळलं नव्हतं. पांढऱ्या बर्फावर लाल काड्या सगळीकडे पसरल्या होत्या.

"हे झाड गेलं," तोकुजी म्हणाले. मग मनगटाकडे बघून, "हात पण गेला वाटतं."

नोबोरू त्यांना ट्रकमधून हाडाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मिसाओ एकटी मागं राहिली. तिला काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, पण अठरा वर्षं डोळे उघडे ठेवून वावरलेल्या बाईला सांगावं लागत नाही. काड्या सुकल्या तर संपलं. तिनं दुपारपर्यंत गुडघाभर बर्फात फिरून निरोगी, पेन्सिलीहून बारीक अशा काड्या वेचल्या, तुकडे केले, जुड्या बांधल्या आणि ओल्या शेवाळात गुंडाळून मातीच्या तळघरात ठेवल्या. एकशे साठ भरल्या. बाकीच्या मोडल्या-चेंगरल्या होत्या.

तोकुजी कोपरापर्यंत प्लास्टर घालून परतले. सहा आठवडे हात हलवायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. त्यांनी आधी तळघर पाहिलं, जुड्या मोजल्या, शेवाळ दाबून ओल किती ते पाहिली, आणि काही न बोलता वर आले. हे त्यांच्यापुरतं कौतुकच होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीपलीकडचे मात्सुझो हिरोसे साकेची बाटली घेऊन समाचाराला आले. दोघे एकाच वयाचे, एकाच शाळेतले, आणि पन्नास वर्षं एकमेकांच्या झाडांत खोट काढत आलेले.

"तोकुजी, फार वाईट झालं रे. तुझ्या घरात दुसरा कलम बांधणारा नाही. काड्या माझ्याकडे दे. मी बांधतो. अर्ध्या तुझ्या, अर्ध्या माझ्या."

"मी मेलो नाही अजून."

"मेला नाहीस, पण चॉपस्टिक तरी धरता येते का?"

"साके ठेव आणि जा."

मात्सुझो हसत हसत गेले. जाताना दारात मिसाओला हळूच म्हणाले, "समजाव त्याला. मार्चमध्ये खुंट जागे होतील, तेव्हा काड्या काय तुझा नवरा ट्रकनं बांधणार आहे?"

यात काही खोटं नव्हतं. म्हातारबुवा आठवडाभर खिडकीशी बसून फुटलेल्या झाडाकडे बघत राहिले. डाव्या हातानं चमच्यानं जेवायचं, त्यामुळं निम्मं ताटाबाहेर. चिडचिड नुसती. एका संध्याकाळी मिसाओनं तांबोशी आणली होती. चमच्यात नीट बसावेत म्हणून तिनं कच्च्या माशाचे काप नेहमीपेक्षा पातळ केले, इतके पातळ की बशीवरची निळी नक्षी त्यांच्यातून दिसत होती. तोकुजींनी एक काप चमच्यानं उचलला, तोंडात घातला नाही. दिव्यासमोर धरला. बोटानं त्याची बाजू चाचपली.

"हे कुठल्या सुरीनं कापलंस?"

"नेहमीच्याच. एका बाजूनं धारेची."

"एका ओढीत?"

"दोन ओढींत केलं तर मासा फाटतो, बाबा."

नोबोरू घास तोंडात धरून दोघांकडे बघत होता. तोकुजींनी काप खाल्ला, बशी संपवली, चहा घेतला. उठताना म्हणाले, "उद्या शेडमध्ये ये. हात साबणानं धुऊन."

पुढचे बारा दिवस मिसाओला चोशीच्या बंदराची आठवण यावी असे गेले. तिथं निदान आई ओरडताना हसायची तरी. तोकुजींनी साध्या हिरव्या मेपलच्या टाकाऊ काड्या आणि काडी बांधायला मुळांसकटचे वाकडेतिकडे खुंट तिच्यापुढं टाकले. खुंट मुळावर वीतभर ठेवून छाटायचा, कडेला सालीच्या आत उभी चीर द्यायची. काडीला दोन डोळे ठेवून खाली एका बाजूनं लांब, दुसऱ्या बाजूनं आखूड काप घ्यायचा. मग काडी चिरेत अशी सरकवायची की काडीच्या सालीखालचा हिरवा पापुद्रा खुंटाच्या हिरव्या पापुद्र्याला चिकटला पाहिजे. तो केसाइतका पातळ. वरून पट्टी आवळायची. सांगायला एवढंच.

"काढ," तोकुजी म्हणायचे.

ती पट्टी सोडायची. ते काडी उपसून उजेडात धरायचे. "ही दरी बघ. यातून नदी जाईल. पुढचं."

"काढ. हा काप आहे की करवत?"

"काढ. खुंटाचा गळा दाबलास. झाड आहे ते, चोर नाही."

तिसऱ्या दिवशी तिच्या अंगठ्यात सुरी गेली. तिनं अंगठा तोंडात धरला. तोकुजी म्हणाले, "काडी पुसून घे, रक्त लागलं."

"अंगठ्याचं काय ते विचारा की, बाबा!" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"अंगठा भरून येतो. त्याच्यासाठी पट्टी आवळावी लागत नाही." पण संध्याकाळी शेडमध्ये औषधाची डबी चटईवर ठेवलेली होती.

आठव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की चूक हातात नव्हती, घाईत होती. मासा मेलेला असतो. त्याच्यावर सुरी लगेच फिरवली तरी चालते. काडीचं तसं नाही. तिच्या तंतूंचा कल बघून सुरी ठेवायची आणि मग मात्र माशासारखीच, एका ओढीत. त्या दिवशी तोकुजींनी उपसलेल्या सात काड्यांपैकी चार परत न बोलता खाली ठेवल्या. बाराव्या दिवशी त्यांनी "काढ" म्हणणं बंद केलं. डुलकी लागली होती की काय म्हणून मिसाओनं मान वर करून पाहिलं. ते जागे होते, तिच्या हातांकडे बघत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात खुंटांचे डोळे फुगले आणि खऱ्या काड्या तळघरातून वर आल्या. बारीक, लालभडक, अजून ताज्या. मिसाओनं पहिली काडी हातात घेतली, परत खाली ठेवली, उठून बाहेर गेली, नळाखाली हात धरले, परत आली. मग तीन दिवस ती त्या चटईवर बसली. तोकुजी शेजारी खुंट निवडून देत होते. एकशे वीस झाली.

चौथ्या दिवशी तिच्या वडिलांचा तेराव्या वर्षाचा श्राद्धविधी होता. चोशीला जाणं भाग होतं.

"जा तू. चाळीस राहिल्यात. आल्यावर कर," तोकुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परतली तर चटई गुंडाळलेली, शेड झाडलेलं, आणि सासरे चुलीजवळ बसलेले. उजवा हात मांडीखाली दडवलेला. कोपऱ्यात कचऱ्याच्या टोपलीत प्लास्टर, झाडं छाटायच्या कात्रीनं उभं कापलेलं.

"बाबा, अजून आठ दिवस होते!"

"डॉक्टर काही कलमं बांधत नाही. त्याला काय कळतंय." मग हनुवटी वर करून, "चाळीस माझी. तुझ्यात मिसळून ठेवलीत, नावं-बिवं काही लावलेली नाहीत. झाडालाच ठरवू दे."

मिसाओ प्लास्टिकच्या हरितगृहात गेली. एकशे साठ कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या, पण तिला पाच मिनिटांत कळलं. दुखऱ्या हातात काडी नुसती धरून त्यांनी पट्ट्या डाव्या हातानं आवळल्या होत्या. त्या उलट्या फेऱ्यानं गेल्या होत्या, चाळीसच्या चाळीस.

एप्रिलमध्ये सगळ्याच काड्यांचे डोळे फुगले. लालसर कडांची, नखाएवढी, पोपटी पानं उघडली. तोकुजी दिवसातून चारदा हरितगृहात चक्कर मारायचे आणि शीळ घालायचे. मिसाओला मात्र झोप येत नव्हती. काडीत साठलेल्या रसावरही पानं फुटतात, हे तिनं इतकी वर्षं ऐकलं होतं. खरा सांधा जुळला की नाही ते नंतर कळतं.

महिनाअखेरीस तीन दिवस ऊन कडक पडलं. चौथ्या दिवशी सकाळी पाणी घालायला ती गेली, तेव्हा मधूनमधून कुंड्यांतली पानं भिजलेल्या कागदासारखी लोंबत होती. ती ओळीनं बघत गेली. काही तिची होती, एकोणीस. बाकीच्यांवर उलट्या फेऱ्याची पट्टी होती. तिनं मोजलं, परत मोजलं. चाळीसातली दोनच ताठ उभी होती.

तिनं पाण्याची झारी खाली ठेवली. अठरा वर्षांत सासरे चुकल्याची अशी घडी तिनं कितीदा मनात रंगवली असेल. आता ती समोर आली, तर तिला शेडमधून येणारी शीळ तेवढी ऐकू येत होती. तिनं वाकून मेलेल्या कलमांच्या पट्ट्या सोडायला सुरुवात केली. स्वतःच्याही, त्यांच्याही. मग सगळ्या कुंड्या एकत्र करून मागच्या भिंतीला लावून ठेवल्या. कुठली कुणाची, आता देवालाच ठाऊक.

तोकुजी दुपारी हरितगृहात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. शीळ ऐकू आली नाही.

रात्री जेवताना त्यांनी मुळ्याच्या लोणच्याचा तुकडा चघळत विचारलं, "पट्ट्या कुणी सोडल्या?"

"मी."

"का?"

"वाळलेल्याला पट्टी कशाला, बाबा? परत वापरता येतील म्हणून सोडल्या."

"एकदा वापरलेली पट्टी या घरात कधी परत वापरलीय?"

मिसाओनं लोणच्याची बशी त्यांच्याकडे सरकवली. नोबोरूनं काहीतरी बिनसलंय हे ओळखून मिसोच्या सुपात तोंड घातलं.

तोकुजींनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "जिवंत आहेत त्यांच्यावरच्या पट्ट्या सोडायला विसरलीस तू. एकशे एक तुझ्या फेऱ्याच्या, दोन माझ्या. मला मोजता येतं. माझी अडतीस मेली."

चुलीवरची किटली कुरकुरत होती.

"दोन जगली?" नोबोरूनं विचारलं.

"दोन."

"चाळीसात दोन." नोबोरूनं बोटांवर हिशोब केला. "म्हणजे शंभरात पाच. बाबा, माझी सहा होती."

मिसाओनं डोळे मिटून घेतले. आता भांडं भिंतीवर फुटणार. पण आवाज आला तो वेगळाच. तोकुजी हसत होते, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुखरं मनगट दुसऱ्या हातानं धरून हसत होते. मग डोळे पुसले आणि भाताचं भांडं सुनेपुढं केलं. "वाढ."

मनगट शेवटी वाकडंच बसलं. डॉक्टरनं पुन्हा मोडून बसवू म्हटलं, त्याला तोकुजींनी हाकलून दिलं. सुरी धरता यायची नाही हे त्यांना कळलं होतं. जूनमध्ये जुन्या झाडाच्या बुंध्यातून भराभर फूट निघाली, तेव्हा नोबोरू आनंदानं ओरडत आला. तोकुजींनी तिकडं बघूनच मान हलवली. ती खुंटाची फूट होती, साधी हिरवी. पोवळ्याचा भाग वरचा, तो गेला होता. त्यांनी नोबोरूकडून बुंधा खणून काढून घेतला आणि खड्डा स्वतः, डाव्या हातानं, फावड्या-फावड्यानं बुजवला. तीन दिवस लागले.

डिसेंबरात दहिवर पडायला लागलं आणि एकशे तीन छड्या एकेक करून लाल झाल्या. गुडघ्याएवढ्याच, पण रंग तोच. मात्सुझो कुंपणापाशी दोन-तीनदा रेंगाळून गेले. शेवटी एका सकाळी आत आले.

"तोकुजी, शेंड्याच्या काड्या छाटशीलच ना? थोड्या दे की रे."

"माझ्याकडे काय बघतोस? ज्यानं बांधली त्याला विचार."

मात्सुझोंनी मिसाओकडे पाहिलं. टोपी काढली. "मिसाओबाई, तुम्ही द्याल का?"

तोकुजी आपले गालातल्या गालात हसत होते. पन्नास वर्षांचा शत्रू आता तोंडावर नकार घेऊन जाणार. मिसाओनं हात पुसले, कात्री घेतली, आणि ओळीतल्या उत्तम रोपांवरून दहा काड्या छाटून, ओल्या कागदात गुंडाळून मात्सुझोंच्या हातावर ठेवल्या. "शेवाळात ठेवा. आणि मार्चमध्ये घाई करू नका."

मात्सुझो इतके वाकले की टोपी मातीला लागली.

ते जाताच तोकुजींचा स्फोट झाला. "वेड लागलंय का तुला? चाळीस वर्षं मी ती जात या कुंपणाबाहेर फुकट जाऊ दिली नाही! एक काडीसुद्धा!"

"म्हणून तर एका रात्रीत जाता जाता राहिली, बाबा." मिसाओचा आवाज शांत होता. "परत असा बर्फ पडला तर? आपल्याकडची सगळी मेली तर गल्लीपलीकडं जाऊन मागता येतील. मी मागेन. तुम्हाला लाज वाटली तर तुम्ही घरी बसा."

तोकुजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नोबोरूमार्फत चहा मागायचे, "तिला सांग, पाणी थंड आहे." मिसाओही नोबोरूमार्फतच उत्तर द्यायची, "त्यांना सांगा, किटली तिथंच आहे." नोबोरू म्हणाला, यापेक्षा ट्रक बरा.

तिसऱ्या दिवशी ती ओळीत बसून छाटणी करत होती. प्रत्येक छडीला तीन डोळे ठेवत होती, म्हणजे पुढच्या वर्षी जास्त काड्या मिळतील. म्हातारबुवा मागं येऊन उभे राहिले.

"किती दिल्यास त्याला?"

"दहा."

"मला वाटलं वीस दिल्यास." मग छडीकडे वाकून, "दोन डोळे ठेव. तीन ठेवलेस तर काड्या पोसणार नाहीत."

"तीनच ठेवणार आहे, बाबा."

"दोन."

"या ओळीला तीन. त्या ओळीला तुम्ही सांगा तसं."

तोकुजींनी दोन्ही ओळींकडे पाहिलं. पालथी कुंडी ओढून तिच्यावर बसले, आणि वाकड्या हातानं दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या रोपाकडे बोट दाखवलं. "मग हे घे. इथं, या डोळ्याच्या वर. तिरका काप."

मिसाओ सरकून त्या ओळीशी गेली आणि तिनं काप घेतला.